बिनचाकाचं घर

फेल्डहुक, २ नोव्हेंबर

प्रिय लिडवीन,

आज रविवार. सकाळी धुकं होतं, नंतर पश्चिमेचा वारा सुटला. सायकलने चर्चला गेलो. मृतात्म्यांचा दिवस असल्याने वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली आणि प्रत्येक नावाला एक मेणबत्ती लावली. तुझ्या आईची मी लावली. येताना वारा समोरून होता. घरी येऊन सूप गरम केलं, दुपारी कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर नीट केलं. एवढंच.

तू येशील असं वाटलं होतं. बाकावर माझ्या बाजूला जागा ठेवली होती. शेवटी तिथे खेसिंकची बायको रीक बसली.

तुझं पत्र मिळालं, सोबत आमर्सफोर्टच्या फ्लॅटचा नकाशाही. नकाशा मी नीट पाहिला, नकाशे पाहण्यातच माझं आयुष्य गेलं आहे. खोल्या चांगल्या आहेत. खाली दुकान, समोर दवाखाना, तुझं घर चालत जाण्याच्या अंतरावर. मला न विचारता तू माझं नाव नोंदवलंस आणि आता एक मार्चपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. कळवलं नाही तर जागा दुसऱ्याला जाईल, आणि हो म्हटलं तर हे घर विकायला निघेल. असं तू लिहिलं आहेस, म्हणजे ते तसंच असणार.

कारण तू एकच दिलं आहेस. इथे गाडीशिवाय माणूस राहू शकत नाही.

हेच तू आईला पोचवून आल्यावर, कॉफीच्या टेबलावर, सगळ्यांसमोर म्हणाली होतीस. मी म्हणालो होतो की मी चौऱ्याहत्तर वर्षं राहिलो. तेव्हा तू म्हणालीस, “बाबा, तुमच्याकडे गाडी नव्हती असं म्हणू नका. होती. तिचं नाव आलेइडा होतं.”

खेसिंकच्या हातातला पाव हवेतच राहिला. चारचौघांत बोलणं मला जमत नाही आणि फोनवर आपण दोघं भांडतो, म्हणून लिहितो आहे.

पाणी मंडळात मी चौतीस वर्षं नाल्यांची आणि बांधांची मापं घेतली, ती सायकलवरून. बांधावर गाडी जात नाही. आलेइडाला, तुझ्या आईला, मात्र गाडीचं वेड होतं. तिच्या वडिलांची दुधाची गाडी ती लायसन्स मिळायच्या आधीपासून चालवायची, हे तिने तुला शंभरदा सांगितलं असेल. मी तिला कधी “मला ने” म्हणालो नाही. तीच म्हणायची, “हेर्मन, बस. मला गाडी फिरवायची आहे.” मग मी बसायचो. नवऱ्याने बायकोशेजारी बसण्यात काय चुकलं, ते मला अजून कळलेलं नाही. लोक हसायचे, ते मला ठाऊक आहे. लोकांचं हसू सायकलवर फार मागे पडतं.

मला लागतं किती? पाव, बटाटे, कोंबड्यांचे दाणे, डॉक्टर, चर्च. सगळं एका गावात आहे आणि ते गाव सायकलने अर्ध्या तासावर आहे. पाऊस असला तर गल्लीच्या तोंडाशी गावबस येते, निवृत्त माणसं पाळीने चालवतात ती छोटी. तुझी आई चर्चच्या मागे आहे, म्हणजे तीही त्याच वाटेवर.

तू म्हणतेस, आधी एक हिवाळा काढून दाखवा, मग बोला. ठीक आहे. काढतो.

तुझे बाबा


फेल्डहुक, २८ नोव्हेंबर

प्रिय लिडवीन,

काल गुरुवार, बाजाराचा दिवस. अर्धा गोळा चीज घेतलं, सशाचं मांस महाग होतं म्हणून घेतलं नाही. हेरिंग मासा मात्र उभ्याउभ्या खाल्ला. घरी येऊन खिडक्या पुसल्या.

बाजारात खेसिंकबरोबर गेलो होतो. आता दर गुरुवारी तसंच ठरलं आहे. म्हणजे त्याने ठरवलं आहे.

तू शहरात जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून आठवण करून देतो. मिर्तेचं घर आपल्याला जास्त जवळ आहे. जुन्या मास्तरांचं घर घेतलेली ती नर्स, तू तिला अंत्यविधीला पाहिलंस. तिच्या स्वयंपाकघरातला दिवा मला इथून दिसतो. पण आपल्या भागात पहिला शेजारी अंतरावर ठरत नाही. खेसिंकांचं घर आणि आपलं ओंकांचं घर माझ्या आजोबांच्याही आधीपासून एकमेकांना बांधलेली आहेत. आई गेली तेव्हा दारोदार निरोप देत फिरला तो खेसिंक. खांदेकरी गोळा केले ते त्यानेच. आपण चर्चमध्ये असताना कोंबड्यांना दाणे टाकले ते रीकने. आणि खेसिंकच्या मते ते काम अजून संपलेलं नाही.

पहिल्या गुरुवारी अंगणात येऊन त्याने भोंगा वाजवला. खाली उतरलासुद्धा नाही.

“हेर्मन, तुझ्या घरात आता चाक नाही,” तो म्हणाला.

“दोन आहेत. पडवीत उभी आहेत.”

“त्याला चाक म्हणत नाहीत. त्याला व्यायाम म्हणतात. बस.”

पहिल्या शेजाऱ्याला नाही म्हणता येत नाही. ते त्याला तू आमचा कोणी नाहीस असं सांगण्यासारखं आहे. मी बसलो.

खेसिंक सावकाश चालवतो, त्र्याऐंशीच्या माणसाने चालवावी तशी. बोलका आहे, त्यामुळे रस्त्यात काय काय दिसतं ते मला विचारत असतो.

“पुढे काय आहे रे?”

“दुधाची टाकी.”

“उभी आहे की येते आहे?”

“उभी आहे.”

“मग ठीक आहे.”

असं करत आम्ही बाजारात पोचतो. मी डावीकडे म्हणालो की तो डावीकडे वळतो. आमचं चांगलं जमलं आहे. तुला काळजी करण्यासारखं काही नाही.

मिर्ते परवा कुंपणापाशी भेटली. म्हणाली, “काका, मी आठवड्यातून दोनदा तरी गावात जातेच. माझ्याबरोबर चला की.”

“खेसिंकला वाईट वाटेल.”

“त्यांना सांगायचं कशाला?”

“तू इथे नवीन आहेस,” मी म्हणालो. ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतो आहे.

रविवारी तू फोनवर म्हणालीस की आईची गाडी पडवीत गंजते आहे, निदान चालवायला तरी शिका, या वयातही लोक शिकतात. शिकतात, मी नाही म्हणत नाही. पण मी शिकणार नाही. जी गोष्ट मला लागत नाही ती, तुला रात्री झोप लागावी म्हणून, मी शिकू का? तू लहान असताना मला झोप लागावी म्हणून झाडावर चढायचं सोडलं नव्हतंस.

तू फोन ठेवलास, तेव्हा हे बोलायचं राहिलं.

तुझे बाबा


फेल्डहुक, १० जानेवारी

प्रिय लिडवीन,

आज बर्फ पडला आणि दुपारपर्यंत विरघळला. सकाळी लाकडं फोडायला घेतली, पण उजवा हात वर जाईना, म्हणून सोडून दिली. रीकने तेलात तळलेले मनुकांचे गोळे पाठवले होते, नव्या वर्षाचे उरलेले. ते संपवले.

तुझं कार्ड मिळालं. “पुरे झालं, बाबा.” एवढंच लिहिण्यासाठी तिकीट लावलंस.

मिर्तेने तुला फोन करायला नको होता, पण मी तिच्यावर रागावलेलो नाही. तिने सांगितलं ते खरं आहे. नाताळच्या कार्डात मी थंडीने कोपर दुखतं असं लिहिलं होतं. ते थंडीने नव्हतं. आता दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून पूर्ण ऐक.

नाताळच्या आधीचा गुरुवार होता. पॉपलरच्या रांगेपाशी मी “डावीकडे” म्हणालो. “आता नाही, पुढे” असं म्हणणार होतो, त्याच्या आत खेसिंक वळला. तिथे रस्ता नाही, नाला आहे. गाडी हळूच आत उतरली, एका अंगावर कलली, माझं कोपर दारावर आपटलं आणि ती थांबली. नाल्यात गुडघाभर पाणी होतं. त्या नाल्याची पातळी मी कित्येक वर्षं मोजली आहे, त्यामुळे आपण बुडणार नाही हे मला ठाऊक होतं.

खेसिंकने दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावरच ठेवले होते. म्हणाला, “हा कोपरा सरकवलाय.”

“नाही सरकवला.”

“तू पाणी मंडळात होतास. तुला माहीत असणारच. कधी सरकवला?”

“बेर्नार्ड, तुझ्या बुटात पाणी जातंय.”

“विषय बदलू नकोस.”

मिर्ते कामावरून परत येत होती. तिने आम्हाला एकेक करून बाहेर ओढलं. मग खेसिंकच्या तोंडासमोर हात धरून तिने विचारलं, “काका, किती बोटं दिसतात?”

“कुणाची?” खेसिंक म्हणाला.

तिने हात खाली घेतला. मग कळलं की गेल्या वर्षापासून त्याला मधोमध करड्या डागासारखं काहीतरी दिसतं आणि बाकीचं जग त्याच्या कडेकडेने. रीकला माहीत होतं. बाजूने बघितलं की सगळं दिसतं, असं त्याचं म्हणणं आहे. मलाही थोडं माहीत होतं, असं तू म्हणशील. मी ते लिहून ठेवतो, तुला म्हणायला नको.

आता तू म्हणशील की बघा, गाडी नसली की माणसाची अशी गत होते. लिडवीन, नाल्यात गाडी पडली. सायकल पडली नाही. त्या दिवशी मी सायकलने गेलो असतो तर घरी येऊन अंडं उकडून खाल्लं असतं आणि तुला कळवण्यासारखं काही घडलं नसतं.

आणि फोनवर तू म्हणालीस ते दुसरं. “तुमचं गाडीशिवायचं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्यांवर चालतं. हे ढोंग आहे.” मी त्यावर तीन दिवस विचार केला. मी गाय पाळत नाही. आयुष्यभर दूध पीत आलो. त्याला कुणी ढोंग म्हणालं नाही. माझ्याकडे चर्च नाही, दवाखाना नाही, अग्निशामक बंब नाही. गल्लीत सात घरं आहेत आणि दारात बारा गाड्या उभ्या असतात, त्यातल्या बहुतेक दिवसभर हलत नाहीत. तेरावी माझ्या नावावर असल्याशिवाय मी या गल्लीत राहायला लायक नाही, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

माझी खरी अडचण वेगळी आहे. ट्रॅक्टरने खेसिंकची गाडी बाहेर काढली. दार चेपलंय पण ती चालते. काल तो कुंपणापाशी येऊन म्हणाला, “सुट्ट्या संपल्या. गुरुवारी येतो.” मी त्याच्या गाडीत बसलो तर आम्ही दोघं मरू, नाहीतर आणखी कुणाला मारू. नाही बसलो तर तो म्हणेल, मी तुझ्यासाठी काही करायचं नाही तर मग मी तुझा कोण?

यावर तुझ्याकडे काही उत्तर आहे का? फ्लॅट सोडून?

तुझे बाबा


फेल्डहुक, ३० जानेवारी

प्रिय लिडवीन,

काल ऊन होतं, थंडी कोरडी. बाजारात जाऊन आलो. आज पायांचे स्नायू दुखताहेत. दुपारी आईच्या कबरीवरची पानं काढली.

तुझं उत्तर आलं नाही, मग मीच शोधलं. ते अवघड नव्हतं, फक्त मी उलट्या टोकाकडून बघत होतो. पहिला शेजारी एकाच बाजूने नसतो. तो माझा, तसा मीही त्याचा. घरात दुःख झालं म्हणून तीन-चार महिने मी नुसता घेत बसलो होतो. त्यामुळे तो देत बसला होता.

गावातल्या वृद्धाश्रमात शेजारी शेजारी बसायची सायकल आहे. दोन आसनं, दोघांना पायडल, सुकाणू फक्त डावीकडच्याच्या हातात, गाडीत असतं तसंच. म्हाताऱ्यांना हवा खायला नेतात ती. मी ती मागून घेतली आणि काल खेसिंक गाडीची किल्ली शोधायच्या आत त्याच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. घंटी वाजवली. खाली उतरलोसुद्धा नाही.

खेसिंक दारात आला. बाजूने बघत म्हणाला, “हे काय आणलंस?”

“आज माझी पाळी.”

“तुझी कसली पाळी?”

“माझ्या पहिल्या शेजाऱ्याची नजर गेली आहे आणि मी घरी बसून खिडक्या पुसतो आहे. माझा बाप असता तर त्याने मला कुंपणाला बांधलं असतं. बस.”

“मी वेडा नाही. हे वेड्यांचं वाहन आहे.”

“तुझ्या गाडीला अजून शेवाळ लागलंय.”

“लोक काय म्हणतील? दोन म्हातारे नवरा-नवरीसारखे?”

मागून रीक म्हणाली, “बस रे बाबा, नाहीतर मी बसते. मला कुणी नेलेलं नाही कितीतरी वर्षांत.”

तो बसला. पहिला एक किलोमीटर त्याने पायडलच मारलं नाही, रागाने. मग थंडी वाजायला लागली तेव्हा मारू लागला. सवयीने विचारत होता, “पुढे काय आहे रे?” आणि मी सांगत होतो. फरक एवढाच की त्याच्याकडे आता ब्रेक नव्हता. चीजवाल्याने आम्हाला पाहून विचारलं, “लग्न कधी?” खेसिंक म्हणाला, “पत्रिका पाठवू. तुला नाही.” येताना त्याने गाणं म्हटलं. शब्द विसरला तिथे शिवी घातली. संध्याकाळी रीकचा निरोप आला की गाडीची किल्ली त्याने स्वतःहून तिच्या हातात दिली, आणि पुढच्या गुरुवारी पाऊस असला तर कोणी काय घालायचं ते आधी ठरवा.

म्हणजे ती अडचण संपली. पण मला तुला दुसरंच सांगायचं आहे.

येताना माझ्या लक्षात आलं की चालवणाऱ्याच्या जागी, डावीकडे, मी आयुष्यात पहिल्यांदा बसलो होतो. शेहेचाळीस वर्षं मी उजवीकडे बसलो. तुझ्या आईचा उजवा गाल, उजवा कान आणि कानामागची ती टाक्यांची खूण मी डोळे मिटून काढू शकेन. डावी बाजू मला तितकी आठवत नाही. काल मी डावीकडे बसून रस्ता बघत होतो आणि मला वाटलं की तिला मी असा दिसत असेन, डोळ्याच्या कोपऱ्यातून, गप्प बसलेला.

कॉफीच्या टेबलावर तू जे बोललीस त्याच्याखाली दुसरं वाक्य होतं. ते तू बोलली नाहीस, पण मी ऐकलं. आई इतकी आजारी असताना स्वतः गाडी चालवत दवाखान्यात गेली आणि हा माणूस शेजारी बसून राहिला. असंच ना?

तू तिथे नव्हतीस, मी होतो. त्या सकाळी खेसिंक इंजिन चालू ठेवून अंगणात उभा होता. मिर्तेही आली होती, म्हणाली मी नेते. फोन केला असता तर रुग्णवाहिकाही आली असती. आईने कोट घातला, किल्ली घेतली आणि खेसिंकला म्हणाली, “बेर्नार्ड, तुझ्या गाडीत बसले तर दवाखान्याऐवजी सरळ चर्चमागे पोचेन.” मिर्तेला म्हणाली, “पोरी, तू झोप, रात्रपाळी करून आली आहेस.” मला म्हणाली, “हेर्मन, बस.” मी म्हणालो, नको. ती म्हणाली, “आता पुन्हा मिळायची नाही मला.” मग मी बसलो.

तिने नेहमीच्या रस्त्याने नेली नाही. बांधाच्या बाजूने, लांबून नेली. दर वळणाला ती आधी मागे बघायची, कुणी नसलं तरी. दवाखान्यात गाडी दोन रेघांच्या मधोमध, एकदम सरळ लावली. किल्ली माझ्या हातात दिली. नऊ दिवसांनी ती गेली.

तिच्या हातातून चाक काढून घ्यायला हवं होतं असं तुला वाटतं. मला वाटत नाही. आज वाटत नाही, आणि मी दहा गाड्या चालवायला शिकलो असतो तरी वाटलं नसतं. तू रागाव, पण खऱ्या गोष्टीवर रागाव.

तुझे बाबा


फेल्डहुक, २५ फेब्रुवारी

प्रिय लिडवीन,

आज बुधवार. सकाळी सायकलच्या मागच्या चाकाचं पंक्चर काढलं. अंडी पाच मिळाली. दुपारी गावात जाऊन पत्र टाकलं, आमर्सफोर्टच्या त्या फ्लॅटवाल्यांना. नाही असं कळवलं आहे. जागा दुसऱ्या कुणाला तरी लवकर मिळावी म्हणून तारखेची वाट पाहिली नाही.

हे मी तुला आधी सांगायला हवं होतं असं तू म्हणशील. तूही माझं नाव नोंदवताना मला आधी सांगितलं नव्हतंस. फिटलं.

हिवाळ्याचा हिशेब तू मागितला होतास. सगळ्यात वाईट तो बर्फाचा आठवडा होता. पाऊस पडताच गोठला आणि रस्त्याची काच झाली. त्याच आठवड्यात तुझा फोन आला आणि तू म्हणालीस, “आता? आता सायकल कुठे आहे?” सायकल पडवीत होती. मिर्तेची गाडी तिच्या दारात होती, पलीकडच्या घरातल्या तिन्ही गाड्या त्यांच्या दारात होत्या, मोठ्या चाकांची ती उंचसुद्धा. सगळ्या सारख्याच उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी खेसिंक बुटांवरून लोकरीचे मोजे चढवून, वाटाण्याच्या सूपचं भांडं छातीशी धरून आला. रस्ता दिसत नसल्याने त्याला घसरायची भीती वाटत नाही, असं म्हणाला. चालत आला आणि चालत गेला. त्या आठवड्यात आपल्या गल्लीत चाललं ते फक्त खेसिंकचं सूप.

आईच्या गाडीचं सांगायचं आहे. मिर्ते आणि तिचा नवरा दुसरी गाडी घेणार होते, दोघांच्या पाळ्या जुळत नाहीत म्हणून. मी म्हणालो, घेऊ नका. पडवीत एक आहे, ती चालवा. अंगणातच राहू दे, रीकला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं असेल, कुणाचं बाळंतपण असेल, कुणीही किल्ली मागावी.

मिर्तेने विचारलं, “आणि तुम्हाला कुठे न्यायचं, काका?”

“मी हाक मारली तर ने. मी हाक मारणार नाही.”

“मारलीत तर?”

“तर समज की फार लागलं आहे.”

ती उंच आहे. पहिल्यांदा बसली तेव्हा तिचे गुडघे चाकाला लागले. तिने माझ्याकडे बघितलं, आसन सरकवू का म्हणून. मग म्हणालो, खुशाल सरकव. तिने खटका दाबला आणि आसन मागे गेलं. मी पडवीत जाऊन सायकलला तेल दिलं.

आता गाडी कुणाच्या नावावर आहे ते मला सांगता येणार नाही, कागदावर काहीही असो. आई असतानाही ती कुठे आमची होती? अर्धी गल्ली तिच्यात बसून जन्माला आली.

माझं सगळं सोपं चाललं आहे असं मी म्हणणार नाही. जग लहान झालं आहे. पूर्वी आई आणि मी रविवारी उठून तुझ्याकडे यायचो आणि रात्रीपर्यंत परत. आता तुझ्याकडे यायचं म्हणजे बस, मग आगगाडी, मग तीही बदलायची, आणि परत यायला शेवटची बस सुटलेली असते. तुझ्याकडे येण्यापुरती गाडी लागते, हे मी मान्य करतो. पण मी आलो की राहीन. एक रात्र, दोन रात्री. तुझ्याकडे सोफा आहे. पूर्वी आम्ही कोट न काढता कॉफी प्यायचो आणि निघायचो, तुला ते आवडायचं का?

आणि एक गोष्ट विचारतो, रागावलीस तरी चालेल. तुझ्याकडे गाडी आहे. चांगली आहे. रस्ता मोकळा आहे. सप्टेंबरपासून तू इथे एकदाही आली नाहीस. अंतर चाकं नसल्यामुळे पडलं असतं तर ते तुझ्या बाजूने पडायला नको होतं. मला वाटतं, तुला माझी भीती वाटत नाही, या घराची वाटते. स्वयंपाकघरात शिरलीस की ती दिसणार नाही, म्हणून तू मला तिथून बाहेर काढून आमर्सफोर्टला ठेवणार होतीस, म्हणजे तुला इथे यायलाच लागू नये. चूक असेन तर येऊन सांग.

मला ती रोज इथे दिसत नाही. मला रोज तेच, तिचं नसणं, दिसतं. त्याची सवय मी इथेच करून घेईन, दुसऱ्या गावात नाही. मी या घरात जन्मलो म्हणून राहत नाही, हट्ट म्हणून राहत नाही, म्हणजे थोडा हट्ट आहे. मी राहतो कारण इथे मला कुणीतरी लागतं आणि कुणालातरी मी लागतो. गुरुवारी सकाळी एक आंधळा माणूस टोपी घालून दारात उभा असतो, आणि मला उशीर झाला तर शिव्या देतो. तुझ्या नकाशात त्याची खोली नव्हती.

तुझी खोली वर तशीच आहे. पलंगावर इस्त्रीचे कपडे ठेवले आहेत, ते उचलीन. हवं तर गाडीने ये, हवं तर गावबसने ये. गाडीशी माझं भांडण कधीच नव्हतं. ती नसली तर मी कमी आहे, या म्हणण्याशी होतं.

आता थांबतो. उजेड आहे तोवर कचऱ्याचा हिरवा डबा गल्लीच्या तोंडाशी नेऊन ठेवायला हवा, उद्या पहाटे नेतात. पानांनी भरला आहे आणि ती ओली आहेत, म्हणजे दोन्ही हात लागतील. झाकणावर वीट ठेवावी लागेल, वारा सुटला आहे. कोट घातला आहे. निघतो.

तुझे बाबा